पाचू कवड्यांची दरड

फार मागे, पाषाणवती नगरीत राजा पुष्यकेतू प्रजेचे पालन करीत असताना, बोधिसत्त्वाने त्याच राज्यात एका अमात्यकुळात जन्म घेतला होता. त्या जन्मी त्याचे नाव धृतिषेण. नगरी उंच कातळी पठारावर वसलेली होती. तिथे पाणी विहिरींचे आणि सावली भिंतींची. धृतिषेणाचे बालपण मात्र आजोळी गेले होते, पठाराच्या पश्चिम कडेला, जिथे डोंगर तुटून खाली दाट अरण्यात उतरतो. त्यामुळे राज्याचा भार शिरावर आला तरी त्याचा कान पाखरांकडे असे. सभेत निवाडा चालू असताना गवाक्षाबाहेर एखादा होला घुमू लागला, तर अमात्य बोलता बोलता क्षणभर थांबत. दरबारी मंडळी त्याची थट्टा करीत. म्हणत, "अमात्यांकडे दाद मागायची असेल तर आधी एखाद्या होल्याला मध्यस्थ करा."

त्याच्या पत्नीचे नाव मेखला. तिचे पहिले मूल पाळण्यातच गेले होते. तिच्या अंगावरचे दूध अजून आटले नव्हते, तोच राणी प्रसूत झाली आणि त्या वेदनांतच निवर्तली. मेखलेने त्या तान्ह्या राजपुत्राला उचलून पदराखाली घेतले. पुढे तिला दुसरे मूल झाले नाही. राजपुत्र मंदार तिला धाई म्हणे. ती त्याला काय म्हणे, हे तिलाच ठाऊक, कारण ते नाव ती मनातल्या मनात उच्चारी.

मंदार सहा-सात वर्षांचा झाला तेव्हा त्याला ताप आला. राजवैद्याने नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि सांगितले, "महाराज, हा ज्वर आपल्या पावलांनी येतो आणि आपल्याच पावलांनी जातो. पाणी पाजावे, कपाळ ओले ठेवावे आणि वाट पाहावी." वाट पाहणे हे औषध राजांना मानवत नाही. पुष्यकेतूने दैवज्ञ अत्रिदत्ताला बोलावणे पाठवले.

त्या नगरीत एक रीत होती. घरात दुखणे आले की लोक पारध्याकडून एखादे पाखरू विकत घेत, आजाऱ्यावरून ओवाळीत आणि अंगणातून सोडून देत. पाखरू उडाले की पीडा उडाली, अशी समजूत. बहुधा ते पाखरू पारवाच असे. पारवा उडून गोपुराच्या कोनाड्यात जाऊन बसे, आणि दोन दिवसांनी पारधी त्याला पुन्हा धरून दुसऱ्या घरी विकत असे. हे सर्वांना माहीत होते, आणि कोणाला त्यात वावगे वाटत नव्हते.

अत्रिदत्ताने कुमाराची पत्रिका मांडली आणि मान हलवली. "बुध पीडित आहे. बुधाचा रंग हिरवा, रत्न पाचू. पाचू कुमाराच्या दंडावर बांधलेलाच आहे. आता जिवंत पाचू सोडला पाहिजे. अरण्यात हिरव्या पंखांचा कवडा असतो. लोक त्याला पाचू कवडाच म्हणतात. तसे कवडे टोपल्या भरभरून आणावेत, कुमारावरून ओवाळावेत आणि प्रासादाच्या चौकातून, सूर्य माथ्यावर येण्याच्या आत, सर्व प्रजेसमक्ष मुक्त करावेत. हिरवा जीव मोकळा झाला की कुमाराचाही जीव मोकळा होईल."

राजाने पारध्यांच्या नायकाला, गोधाला, बोलावले. गोधा उंबऱ्याबाहेरच हात जोडून उभा राहिला. आत मेखला कुमाराच्या कपाळावर ओली घडी ठेवीत बसली होती.

"पाचू कवडा?" गोधाने डोके खाजवले. "महाराज, तो नव्या नवरीसारखा. आवाज ऐकू येतो, तोंड दिसत नाही. खालच्या रानात तो हुंकार देतो, आपण तिकडे जावे तर दुसरीकडून हुंकार. आमच्या बापजाद्यांनी एखाददुसरा धरला असेल. टोपल्या भरायच्या तर तो एकत्र कुठे उतरतो ते कळले पाहिजे. आणि ते कळलेला माणूस या राज्यात एकच." एवढे बोलून त्याने अमात्यांकडे पाहिले आणि लगेच नजर खाली वळवली.

राजा धृतिषेणाकडे वळला. "तुला ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे, महाराज."

"मग सांग."

"सांगणार नाही."

मेखलेचा हात कुमाराच्या कपाळावर होता तिथेच राहिला. 'ठाऊक नाही' एवढे दोन शब्द आपल्या पतीने उच्चारले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. राजाने त्यावर विश्वासही ठेवला असता. पण लग्नापासून तिने या माणसाच्या तोंडून सोयीचा शब्द कधी ऐकला नव्हता.

राजाला प्रथम राग आला नाही. तो समजुतीच्या स्वरात म्हणाला, "अरे, मी त्यांना मारायला मागत नाही. सोडायलाच मागतो. कवडा तो कवडा. तुझ्या अरण्यात राहिला काय, माझ्या गच्चीवर राहिला काय!"

"तसे नसते, महाराज," धृतिषेण म्हणाला. "गोपुरातला पारवा मूळचा कड्याकपारीतला. त्याला आपली भिंत कड्यासारखीच वाटते, म्हणून तो इथे सुखाने नांदतो. वेशीबाहेरच्या माळावर, काटेरी झुडपांत आणि दगडगोट्यांत जो छोटा तपकिरी होला हसल्यासारखा घुमतो, तो त्या रुक्ष माळाचाच. गळ्यात काळी कंठी घातलेला होला शेतातल्या बाभळी आणि खळी सोडीत नाही. विटकरी लाल होला उघड्या रानातल्या शिंदीवर बसतो. ठिपक्यांचा होला आमराईच्या कडेने फिरतो. हरियल तर वड आणि उंबर यांच्या शेंड्यावरून सहसा जमिनीवर पाऊलसुद्धा ठेवीत नाही. तसाच हा पाचू. तो ओल्या, अंधाऱ्या रानाच्या तळाशी, वेळूच्या बेटांत पाचोळ्यावर चालतो. उठला की बाणासारखा, जमिनीलगत, खोडांमधून वळणे घेत जातो. त्या अंधारात जिथे उजेडाची फट, तिथे वाट, एवढेच त्याला ठाऊक. आपल्या नगरीत उजेड सगळीकडे आहे, महाराज, आणि वाट कुठेच नाही. तुम्ही त्याला मुक्त कराल, आणि तो जगणार नाही."

"दोन-चार दगावतील," दैवज्ञ म्हणाला. "मुक्ती दिल्याचे पुण्य तर लागेल."

"पुण्य हवे असेल तर अरण्यात जाऊन पारध्यांचे फासे काढू. मी स्वतः येतो."

"तिथे पाहणार कोण?" राजा म्हणाला. मग त्याचा आवाज फुटला. "धृतिषेणा, हे पोर बघ. तुझ्या घरच्या दुधावर वाढलेले पोर आहे हे. त्याच्यापुढे तुला पाखरे सुचतात?"

धृतिषेणाने मुलाकडे पाहिले. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. पण जागा त्याने सांगितली नाही. राजाने त्याची अमात्यपदाची मुद्रा काढून घेतली आणि त्याला बंदीशाळेत टाकले.

ताप चढतच राहिला. मंदार कधी बडबडे, कधी निपचित पडून राही. तिसऱ्या प्रहरी मेखला बंदीशाळेत गेली. पहारेकऱ्याने तोंड फिरवून तिला आत सोडले.

"अहो, डोळे वर फिरवतोय तो," ती म्हणाली. "ती पाखरे त्याच्याहून मोठी आहेत का?"

"मोठी नाहीत. पण ती मेल्याने तो जगेल असे नाही. तो जगायचा असेल तर ती राहूनही जगेल. वैद्यांनी सांगितले ते मला खरे वाटते."

"आणि नाही जगला तर? मग जन्मभर माझ्या जिवाला एकच टोचणी राहील. एक उपाय होता, आणि मी तो केला नाही."

याला बोधिसत्त्वापाशीही उत्तर नव्हते. ते येथे झाकून ठेवण्याचे कारण नाही. जो खरे बोलतो त्याच्यापाशी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर असतेच असे नाही.  शेवटी तो म्हणाला, "मेखले, ती दरड तूही पाहिली आहेस. मी काही तुझे तोंड बांधू शकत नाही. मला काय वाटते ते तुला ठाऊक आहे, इतकेच."

ती दरड तिने पाहिली होती. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी धृतिषेण तिला आजोळी घेऊन गेला होता, आणि वेळूच्या बनातून ओढ्याच्या काठाकाठाने चालवीत एका मोडलेल्या काठापाशी त्याने तिला खाली बसवले होते. तिथली माती पांढुरकी आणि खारट होती. दुपारी अरण्य निःशब्द झाले तेव्हा पाचोळा सळसळू लागला, आणि एकामागून एक पाचू कवडे चालत बाहेर आले. पंख हिरवे, कपाळ पांढरे, चोच लाल. ते माती टिपू लागले. ती आनंदाने ओरडणार, तोच त्याने तिचा हात दाबला होता. हे स्थान मी कोणाला दाखवलेले नाही, असे तो म्हणाला होता. नव्या नवरीला दागिना द्यावा तसे त्याने ते तिला दिले होते.

बंदीशाळेतून मेखला घरी गेली नाही. पारध्यांच्या वस्तीवर गेली आणि गोधाला हाक मारून तिने सारे सांगितले. ओढा कुठे वळतो, माती कशी ओळखायची, पाखरे कोणत्या वेळी उतरतात. गोधा ऐकत होता. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "बाईसाहेब, चालत येणारे पाखरू म्हणजे धरायला सोपे. वाटेवर फासे टाकले की झाले." मग जरा घुटमळून म्हणाला, "अमात्यांना काय सांगाल?"

"जे केले ते," ती म्हणाली.

पारधी गेले. इकडे प्रासादाला नवी सफेदी देण्याचे काम सुरू झाले, कारण सारी प्रजा येणार होती. चौकाच्या चारी भिंती चुन्याने अशा उजळल्या की उन्हात त्यांच्याकडे पाहवेना.

मग एका पहाटे मेखलेच्या हाताला ओल लागली. मंदारचे कपाळ घामाने भिजले होते. तिने गाल पाहिले, पोट पाहिले, तळपाय पाहिले. अंग थंड होते. मुलाने डोळे उघडले आणि म्हणाला, "धाई, पेज दे. मीठ घालून." ती तशीच हसत आणि रडत बसून राहिली. नंतर तिने त्याला पेज भरवली, आणि तो वाटी चाटू लागला तेव्हा तिला टोपल्यांची आठवण झाली.

ती राजाकडे धावत गेली. "महाराज, ताप उतरला! पहाटेच उतरला. त्याने पेज मागितली. आता पाखरे नकोत. गोधाला निरोप द्या, जिथून आणली तिथे नेऊन सोडायला सांगा."

राजाने हात जोडून डोळे मिटले. दैवज्ञाने विचारले, "पहाटे? टोपल्या पहाटेच वेशीच्या आत आल्या. नुसत्या येण्याने हा गुण, मग सोडल्यावर काय होईल!"

"अहो, पण मी त्याच्या उशाशी होते. घाम आधीच सुटला होता. टोपल्या आल्याचा नगारा वेशीवर नंतर वाजला."

"मेखले," राजा प्रेमाने म्हणाला, "आरंभलेला विधी मोडून मी पोराच्या जिवाशी खेळू का? तूच सांग."

 हाच प्रश्न तिने स्वतः बंदीशाळेत विचारला होता.

चौक माणसांनी भरला. कुमाराला मेखलेच्या मांडीवर, उंच सज्जात बसवले. त्याच्यावरून एकेक टोपली ओवाळली गेली आणि दैवज्ञाने हात वर करताच सर्व टोपल्यांची झाकणे एकदम निघाली. क्षणभर चौकात हिरवी लाट उठली. लोकांच्या तोंडून 'अहाहा' निघाले. कवडे जमिनीलगत बाणासारखे सुटले आणि जिथे त्यांना सर्वांत जास्त उजेड दिसला, तिथे गेले. उजेड पांढऱ्या भिंतींवर होता.

तो आवाज मेखलेने पुढे कधी कोणाला वर्णन करून सांगितला नाही. काही पाखरे एकदाच धडकली. काही पडून पुन्हा उठली आणि समोरच्या भिंतीकडे गेली. लोक गप्प झाले. तेव्हा अत्रिदत्त पुढे आला आणि भरल्या आवाजात म्हणाला, "पाहा! कुमाराची पीडा या जीवांनी आपल्या माथी घेतली. पीडा जड होती, म्हणून पडले!" लोकांनी जयजयकार केला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. त्या रडण्यात खोटेपणा नव्हता, हेच त्यातले दुःख.

"धाई," मंदारने विचारले, "ती भिंतीला का जातात?"

मेखलेने त्याचे डोळे आपल्या हातांनी झाकले.

त्याच दिवशी धृतिषेणाला मुक्त करून सभेत आणले गेले. राजा आनंदात होता. "झाले ते झाले. तुझी पत्नी तुझ्यापेक्षा शहाणी निघाली. मुद्रा परत घे. दर वर्षी कुमाराच्या जन्मदिनी हा उत्सव होईल, आणि पहिली टोपली तू उघडायची. लोकांना तेवढे पाहायचे आहे."

"महाराज, कुमार बरा झाला, याचा आनंद मला तुमच्याहून कमी नाही," धृतिषेण म्हणाला. "पण ताप पाखरांनी उतरलेला नाही. पहिली टोपली उघडणे म्हणजे तो त्यांनी उतरला, असे बोलणे. ते माझ्याने होणार नाही."

"मुद्रा नको?"

"या अटीवर नको."

त्याने सभा सोडली. मेखला बाहेर उभी होती. ती त्याच्याकडे पाहू शकली नाही. "मी सांगितले," एवढेच ती म्हणाली. "ठाऊक आहे," तो म्हणाला, आणि तिच्या हातातले गाठोडे त्याने आपल्या खांद्यावर घेतले. आयुष्यभर तो तिला त्याविषयी एक शब्दही लावून बोलला नाही. कधी कधी तिला वाटे, बोलला असता तर बरे झाले असते.

राजाने तिला राहण्याचा आग्रह केला. मानवस्त्र दिले, कपोतमाता ही पदवी दिली. तिने वस्त्र उंबऱ्यावर ठेवले. मंदार तिच्या पदराला धरून रडला. तिने त्याची बोटे एकेक करून सोडवली आणि ती पतीच्या मागे अरण्यात उतरली.

दरडीवर पांढरी माती तशीच होती. पारध्यांचे फासे मात्र जागोजाग राहिले होते, कारण पुढल्या वर्षी पुन्हा लागणार होते. धृतिषेण रोज सकाळी ओढ्याच्या काठाने जाई आणि फासे उपटून आणी. पारधी ते पुन्हा लावीत. तो पुन्हा उपटी. दुपारी अरण्य निःशब्द होई आणि तसेच निःशब्द राही. पाचोळ्यावरून चालत कोणी येत नसे.

वर्षातून एकदा, कुमाराच्या जन्मदिनी, मेखला त्याला पाहायला नगरीत जाई. पहिल्या वर्षी टोपल्या अर्ध्याच भरल्या होत्या. पुढच्या खेपेस त्या पुन्हा काठोकाठ भरलेल्या पाहून ती थबकली. तिने एका टोपलीवरचे फडके उचलले. आत हिरवे कवडे दाटीवाटीने बसले होते. पण चोच लाल नव्हती, कपाळ पांढरे नव्हते. तिने एकाला हात लावला. बोटे हिरवी झाली.

"गोधा, हे काय?"

गोधा ओशाळला. "काय करू, बाईसाहेब? दरड ओस पडली. राजाज्ञा तर आहेच. हे माळावरचे छोटे होले. पानांचा रंग आणि हळद. रंग पक्का आहे हो, मी दोनदा बुडवले." मग तो हळूच म्हणाला, "पंख चिकटतात जरा. पण भिंतीपर्यंत जातात."

ती तडक राजापुढे गेली आणि भर सभेत म्हणाली, "महाराज, हे पाचू नाहीत. पाचू संपले. जागा मी दाखवली, म्हणून संपले. हे माळावरचे होले रंगवून आणलेले आहेत. यांना तरी जाऊ द्या."

सभेत कुजबुज झाली. राजा दैवज्ञाकडे वळला. दैवज्ञ म्हणाला, "कपोतमातेचा विनय केवढा! एवढे पुण्य पदरी असून दोष मात्र स्वतःकडे घेते." सभेतल्या वृद्धांनी माना डोलावल्या. एकाने तर उठून तिला नमस्कार केला. राजा खाली वाकून फक्त तिलाच ऐकू जाईल असे म्हणाला, "मेखले, लोकांना हिरवे दिसते ना? मग दिसू दे."

उत्सव झाला. आता कुमार जरा मोठा झाला होता. पहिली टोपली तोच उघडीत असे, आणि पहिले पाखरू आपल्या हातांनी उडवीत असे. सारे आटोपल्यावर तो गर्दीतून धावत तिच्याकडे आला. त्याचे दोन्ही तळवे हिरवे झाले होते. ते तिच्यापुढे धरून तो हसून म्हणाला, "धाई, बघ! दैवज्ञ म्हणतात, हे पुण्य आहे. ते लवकर धुतले जात नाही."

तिने त्याचे तळवे आपल्या पदराने पुसले. पुन्हा पुसले. मग त्याच्या कपाळाला ओठ लावून ती निघाली.

दरडीपाशी धृतिषेण उपटलेल्या फाशांची दोरी सोडवीत बसला होता. तिने सारे सांगितले. ऐकून झाल्यावर त्याने विचारले, "होले कोणते होते?"

"छोटे. तपकिरी. माळावरचे."

 "मग आता माळही गेला," तो म्हणाला, आणि त्याने पुढचा फास हातात घेतला.

ही कथा भगवंतांनी ज्या दिवशी सांगितली, त्या दिवशी विहाराच्या दारात श्रेष्ठी नंदिमित्र पिंजऱ्यांची गाडी घेऊन उभा होता. आपल्या नातवाच्या कल्याणासाठी तो संघासमोर पाखरे सोडणार होता. ती पाहून भिक्षुणी सुव्रता हिने शास्त्यांना, म्हणजे भगवंतांना, विचारले होते, "भगवन्, या पाखरांचे पुढे काय होते?" त्यावर शास्ते बोलले, ते हेच. शेवटी त्यांनी एकेकाची ओळख सांगितली. "तेव्हाचा पुष्यकेतू राजा म्हणजे हा नंदिमित्र. दैवज्ञ अत्रिदत्त म्हणजे त्याला आज मुहूर्त काढून देणारा ज्योतिषी. गोधा म्हणजे ज्याने हे पिंजरे विकले तो पारधी. कुमार मंदार म्हणजे ज्याच्यासाठी पाखरे आणली तो नातू. मेखला म्हणजे जिने प्रश्न विचारला ती सुव्रता; तो प्रश्न तिने आजच प्रथम विचारला असे समजू नका. आणि अमात्य धृतिषेण म्हणजे मी."

सुव्रतेने मान खाली घातली. नंदिमित्राने गोंधळून विचारले, "मग पिंजरे उघडू की नको, भगवन्?"

"ज्याने धरली त्याला विचार, कुठून धरली. आणि तिथे नेऊन उघड. तिथे पाहायला कोणी येणार नाही."

त्या जन्मी बोधिसत्त्वाने मुद्रा गमावली, नगरी गमावली, आणि ज्यांच्यासाठी गमावली ती पाखरेही त्याला वाचवता आली नाहीत. तरीही भयाने किंवा मानाच्या लोभाने खोटे अक्षर त्याच्या मुखातून निघाले नाही, आणि जिच्या हातून घात झाला तिच्यावरची माया आटली नाही. यालाच ज्ञाते सत्यपारमिता म्हणतात.